दिलेले कोठेच लिहून ठेवले नाही, मग आठवण कशी लिहावी?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या थोरल्या काकू गेल्या श्रावणात निवर्तल्या. विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यामुळे सांगलीच्या विश्रामबाग भागात बाहेरगावच्या मुलांचा राबता कायम असतो. त्या मुलांसाठी काकूंनी घराच्या पुढच्या खोल्यांमध्ये वर्षानुवर्षे खानावळ चालवली. ज्याच्या घरून महिन्याची मनिऑर्डर आली नाही, त्याचेही ताट कधी मांडायचे राहिले नाही, आणि कोणाकडे किती बाकी आहे हे त्यांनी घरातही कधी बोलून दाखवले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, त्या दिवसांत वयामुळे खानावळ बंद केलेली असतानाही त्यांनी माळ्यावरची मोठी पातेली खाली काढायला लावली आणि शाळेत आसऱ्याला आलेल्या पूरग्रस्त कुटुंबांसाठी आमटी-भात रांधला. वर्षश्राद्धाला आम्ही त्यांची स्मरणिका काढणार आहोत आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अडचण अशी की काकूंनी दिलेल्या कशाचीच नोंद नाही. शिवाय माझ्या चुलत भावाचे म्हणणे आहे की, या उधारीवरून काका-काकूंमध्ये होणारे वाद, ताईच्या लग्नाच्या वेळी झालेली ओढाताण आणि बुडालेले पैसे यांतले काहीही छापू नये. स्मरणिकेत फक्त चांगले असावे. मी काय करावे? — एक पुतणी, सांगली

उत्तर : आपल्या भावाचा आग्रह मायेपोटी आहे, हे मान्य करूनही मी तो आपण स्वीकारू नये असेच सुचवीन. काकूंनी दिले, एवढेच लिहिले आणि कशातून दिले ते गाळले, तर वाचणाऱ्याला त्या सुखवस्तू होत्या आणि उरलेले वाटत होत्या असेच वाटेल. घरात चणचण असताना, नवरा नाराज असताना आणि मुलगी लग्नाला आलेली असताना त्यांनी एखाद्या उपाशी पोराचे ताट मागे घेतले नाही, ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि आपण नेमकी तीच लपवायला निघाला आहात.

आपल्याच भागातले एक उदाहरण मला यासाठी सतत आठवते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे काम साताऱ्यात आणून तेथे सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना वहिनी. वसतिगृहाला सरकारी आधार नव्हता, वर्गणी आणि धान्य दारोदार फिरून गोळा करावे लागे, आणि ते कमी पडेल तेव्हा लक्ष्मीबाईंच्या अंगावरचा एकेक दागिना कमी होत गेला. भाऊराव निधीसाठी बाहेरगावी गेलेले असताना कोठीतले धान्य संपले आणि मुले उपाशी राहण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले, ही हकिकत साताऱ्यात आजही शाळेतल्या मुलांना ठाऊक असते.

ही हकिकत सांगताना कोणी मंगळसूत्र विकले म्हणतो, कोणी गहाण ठेवले म्हणतो. आठवणी तोंडी चालत आल्या की असे होतेच, आणि म्हणूनच आपण काकूंविषयी जे ऐकाल ते कोणी, कोणत्या वर्षाच्या सुमारास पाहिलेले आहे याची नोंद त्या मजकुराच्या शेजारीच करावी. परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. त्या काळी नवरा हयात असताना बाईने मंगळसूत्र उतरवणे म्हणजे अपशकुन समजला जाई, शेजारणी तोंडावर बोलत, आणि त्या बोलण्याची भीती सोन्याच्या किमतीहून मोठी असे. लक्ष्मीबाई सधन पाटील घराण्यातून आल्या होत्या आणि त्यांच्या घरचे जैन आचार कडक होते. अशा बाईच्या स्वयंपाकघराशी महार, मांग, मराठा, मुसलमान अशा सर्व घरांतली मुले जोडली गेली, एका पंक्तीला बसू लागली, आणि ही मुले आपलीच आहेत असे त्यांनी वागून दाखवले. १९२० च्या दशकात, जेव्हा गावातल्या पाणवठ्यावरही या मुलांपैकी अनेकांना मज्जाव होता, तेव्हा एका बाईने स्वतःच्या मनातले सोवळे बाजूला ठेवणे हे दागिना देण्याइतकेच, किंबहुना त्याहून अवघड होते असे माझे मत आहे. दागिना एकदा द्यावा लागतो. सोवळे मात्र रोज दोन वेळा सोडावे लागले असेल.

तरीही भाषणांत आणि फलकांवर मंगळसूत्रच येते, कारण ते एका वाक्यात सांगता येते. रोजचे सांगायला वेळ लागतो. आपल्या स्मरणिकेत मोह टाळायचा असेल तर तो हाच. महापुरातला आमटी-भात सर्वांना आठवेल, त्याची छायाचित्रेही कोणाच्या मोबाईलमध्ये असतील. पण त्याआधीची कित्येक वर्षे पहाटे कोणी उठून कणीक मळली, भाकरी थापल्या, जूनमध्ये नवी मुले आली की कोणाला तिखट चालत नाही हे कोणी ध्यानात ठेवले, परीक्षेच्या दिवसांत उशिरा येणाऱ्यासाठी झाकून कोणी ठेवले, हे आपणच लिहिले नाही तर कोणी लिहिणार नाही.

आता नोंदींविषयी. हिशेब नाही असे आपण म्हणता, पण खानावळ हिशेबाविना चालत नाही, तेव्हा थोडे शोधावे लागेल. महिन्याला किती खाडे झाले हे खानावळवाल्या बायका बहुधा भिंतीवरच्या कॅलेंडरवर किंवा एखाद्या जुन्या वहीत मांडून ठेवतात. तशी कॅलेंडरे माळ्यावर, पेटीत, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेली सापडतात. ज्या किराणा दुकानातून माल येई त्या दुकानदाराच्या घरी चौकशी करा. काकूंनी मुलांना उधार जेवू घातले, म्हणजे कोणीतरी काकूंनाही गहू, तांदूळ आणि तेल उधार दिले असणार, आणि त्या माणसाचे नावही स्मरणिकेत यायला हवे. पिठाची गिरणी, दूधवाला, भाजीवाली यांच्याकडून जे कळेल ते घरातल्या कोणालाच माहीत नसेल.

जेवून गेलेल्या मुलांना पत्रे लिहाल किंवा फोन कराल, तेव्हा ‘काकू कशा होत्या?’ असे विचारू नका. त्यावर ‘देवमाणूस होत्या’ हेच उत्तर मिळते, ते मनापासून दिलेले असते, पण छापल्यावर पन्नास जणांची आठवण एकसारखी वाचली जाते. त्याऐवजी विचारा की खानावळीचा पत्ता तुम्हाला कोणी दिला, पहिल्या दिवशी ताटात काय होते, महिन्याचा दर किती होता, पैसे नव्हते तेव्हा तुम्ही ते काकूंना कसे सांगितले आणि त्या काय म्हणाल्या, त्या कधी रागावल्या का आणि कशावरून. शेवटचा प्रश्न जरूर विचारा. काकू रागावत असतील, एखाद्याला ताट टाकल्याबद्दल फटकारत असतील, आणि त्या रागातून त्यांचा चेहरा वाचकाला जितका दिसेल तितका स्तुतीतून दिसणार नाही. ‘माउली’, ‘अन्नपूर्णा’, ‘त्यागमूर्ती’ ही विशेषणे खोटी नसतात, मात्र ती कोणत्याही बाईला लावता येतात. आपल्याला आपल्या काकूच दाखवायच्या आहेत.

अशा आठवणी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवणे उत्तम, फक्त आधी परवानगी घ्यावी आणि आरंभी बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख त्याच्याच आवाजात घ्यावी. जुन्या छायाचित्रांमागे नावे लिहायची असतील तर मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने पसरते.

बुडालेल्या पैशांबद्दल आपण विचारले आहे. रक्कम आणि परिस्थिती लिहावी, नावे लिहू नयेत. काकूंनी ज्याची बाकी हयातभर कोणाला सांगितली नाही, त्याचे नाव त्यांच्या पश्चात आपण छापणे हा त्यांचाच शब्द मोडणे होईल. एखादा माजी विद्यार्थी स्वतः होऊन ‘मी दोन वर्षे पैसे न देता जेवलो’ असे सांगत असेल आणि नावासह छापण्यास संमती देत असेल, तर अवश्य छापा. अशी माणसे निघतात, आणि त्यांच्या तोंडून आलेले हे वाक्य काकूंच्या घरच्यांनी लिहिलेल्या पानभर मजकुराहून मोलाचे असते.

काकांविषयी लिहिताना मात्र न्यायाने लिहा. घरखर्चाची काळजी वाहणारा माणूस उधारीला विरोध करतो, यात त्याचा कोतेपणाच असतो असे नाही. त्यांनी विरोध केला आणि तरी खानावळ बंद पाडली नाही, गॅसची टाकी आणून दिली, बाजारातून पोती वाहून आणली, असे काही असेल तर तेही यायला हवे. ताईच्या लग्नाचा मजकूर छापण्याआधी तो ताईंना वाचायला द्या. आईच्या उदारपणाची झळ ज्या मुलीला प्रत्यक्ष लागली, तिचा त्या मजकुरावर पहिला अधिकार आहे. त्यांनी नको म्हटले तर तो भाग गाळावा, आणि त्या स्वतः लिहायला तयार झाल्या तर आपण लिहिलेले बाजूला ठेवून त्यांचेच छापावे. मला वाटते त्या लिहितील. आईविषयीचा राग आणि आईविषयीचा अभिमान एकाच वेळी मनात बाळगणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि कोणी विचारले तर त्या अतिशय प्रांजळपणे बोलतात.

एक शेवटची सूचना खास सांगलीकरांसाठी. स्मरणिकेच्या सर्व प्रती, मूळ वह्या आणि छायाचित्रे एकाच घरात ठेवू नका. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातले जुने ग्रंथसुद्धा पाण्यात गेले. एक संच वरच्या मजल्यावर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे आणि एक प्रत एखाद्या ग्रंथालयात नोंदवून द्यावी.

प्रश्न : आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाई गेल्या वर्षी वारल्या. शाळेत मुलांना वह्या, चपला, कधी दवाखान्याचा खर्च, सारे त्या पगारातून करीत. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी थोडी रक्कम जमवली आहे. काहींच्या मते शाळेपुढे त्यांच्या नावाची कमान उभारावी, काहींच्या मते त्यांच्या नावे न्यास काढून दरवर्षी पुरस्कार द्यावा. आपले मत काय? — माजी विद्यार्थी, कऱ्हाड तालुका

उत्तर : कमानीच्या मी विरोधात आहे आणि ते स्पष्टच सांगतो. पैसा त्या ज्यावर खर्च करीत त्यावरच खर्च व्हावा.

न्यासाबद्दल थोडा विचार करा. नवा न्यास म्हटला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी आली, दरवर्षीचे लेखापरीक्षण आले, एखादा विश्वस्त बदलला की बदल अर्ज आला. पहिली काही वर्षे उत्साहाने हे होते. पुढे मंडळी नोकरीनिमित्त पांगली की कागद मागे पडतात आणि रक्कम बँकेत नुसती पडून राहते. जमलेली रक्कम मोठी नसेल तर ती एखाद्या चालत्या, नोंदणीकृत शिक्षणसंस्थेकडे कायम ठेव म्हणून द्यावी आणि व्याज कशावर, कोणी ठरवून खर्च करायचे हे पत्रात लेखी नमूद करून घ्यावे. ‘गरजू विद्यार्थी’ एवढेच मोघम लिहू नका. ‘पहिली ते चौथीच्या मुलांना जूनमध्ये वह्या आणि चपला’ असे लिहा, म्हणजे वीस वर्षांनी येणाऱ्या मुख्याध्यापकालाही संदिग्धता राहणार नाही. संस्थेला आयकर कायद्याखाली देणगी सवलतीची मान्यता आहे का, हे विचारून रक्कम धनादेशाने द्यावी.

पुरस्काराबाबत माझा आग्रह नाही, पण तो पहिल्या आलेल्या मुलाला देऊ नका. बाई पहिल्या आलेल्या मुलाला चपला घेत नव्हत्या. लक्ष्मीबाई पाटील यांचे नाव साताऱ्यात मुलींच्या वसतिगृहाला आणि सोलापुरात महिला महाविद्यालयाला दिलेले आहे, म्हणजे जे काम त्यांनी केले त्याच जातीच्या कामाला. १९३० मध्ये त्या गेल्या. त्या वेळी शाळा-महाविद्यालयांचा आजचा पसारा उभा राहायचा होता. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय १९५४ चे. त्यांनी पाहिली ती फक्त वसतिगृहातली मुले आणि रिकामी होणारी कोठी. नाव देताना रयतने त्यांच्या हयातीतल्या कामाशी नाते राखले, हे मला फार योग्य वाटते.

आणखी एक करता येईल. भाऊरावांच्या वसतिगृहासाठी गावोगावच्या बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, त्याला मुष्टिफंड म्हणत. आपल्यापैकी प्रत्येकाने एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरवर्षी जूनमध्ये एका मुलाच्या वह्यांचा खर्च द्यायचा ठरवले, तर ज्यांची आज मोठी देणगी देण्याची ऐपत नाही तेही सहभागी होतील. बाईंच्या वर्गात तीच मुले अधिक होती ना?

प्रश्न : मी शिक्षिका आहे. दर वर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर मुलांसमोर बोलते. त्यांच्या मृत्यूची हकिकत लहान मुलांना सांगावी की टाळावी? — एक शिक्षिका, खंडाळा तालुका

उत्तर : अवश्य सांगावी. आपल्या तालुक्यातल्या नायगावची ही लेक. तिचे शेवटचे काम मुलांपासून झाकून ठेवण्याचे कारण नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ असताना त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याजवळच्या वस्तीतला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा आजारी पडल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. तो वाचला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. चौथीच्या मुलांना एवढे कळते. दुसरीच्या मुलांना ‘त्याला बरे करता करता त्या स्वतः आजारी पडल्या’ एवढे सांगितले तरी पुरते. मुले पांडुरंगाचे पुढे काय झाले हे हमखास विचारतात, तेव्हा तो वाचला हे आधीच सांगून टाका.

त्याबरोबरच त्यांची जोतीरावांना लिहिलेली पत्रेही मोठ्या मुलांना वाचून दाखवा. १८५६, १८६८ आणि १८७७ अशी तीन पत्रे उपलब्ध आहेत. १८६८ च्या पत्रात, जातीबाहेर प्रेम केले म्हणून गावकरी एका तरुणाला आणि मुलीला मारायला निघाले असता आपण मध्ये पडून त्यांना वाचवल्याचे त्या सांगतात. १८७७ चे पत्र ओतूरहून, दुष्काळाच्या दिवसांत लिहिलेले आहे. भाषणात आपण त्यांच्याबद्दल बोलतो, पत्रांत त्या स्वतः बोलतात, आणि वर्गातली मुले दुसऱ्या प्रकाराकडे अधिक लक्ष देतात असा अनुभव आहे. पाच मिनिटांच्या भाषणात जन्म, विवाह, शाळा यांचा क्रम उरकण्यापेक्षा १८६८ चे पत्र तेवढे घ्या, ते नायगावहूनच लिहिलेले आहे, आणि ज्या गावात ते घडले त्याच गावाच्या शेजारी बसून मुले ते ऐकतील.